नाखवा निघाले, विचारू नका

कोणी घराबाहेर पडत असेल तर त्याला 'कुठे?' असं विचारू नये, हे आपल्याकडे आजही बरीच माणसं पाळतात. विचारलंच कोणी, तर निघालेला माणूस कपाळाला आठ्या घालून परत आत येतो, घोटभर पाणी पितो, जरा टेकतो आणि मग नव्याने निघतो. पण आमच्या नाखवांनी ही गोष्ट जितकी मनावर घेतली होती तितकी घेतलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. जेद्दातल्या आमच्या बर्फाच्या कारखान्यातून गाडी निघायची असली, मग ती मासळीबाजारात चार लाद्या टाकायला का जात असेना, नाखवा फाटकात उभे राहत आणि खिशातल्या पुडीतून एकेक खजूर काढून प्रत्येकाच्या तोंडात कोंबत. तोंडात खजूर असला की माणूस प्रश्न विचारत नाही, हा त्यांचा अनुभव. बी थुंकायची ती पोचल्यावर. "आता गप ऱ्हवा," ते म्हणायचे. "पोचल्यावर कलंलच कुठं आलो ते."

नाखवा मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे, शिडाच्या मचव्यावर वाढलेले. पासपोर्टवर त्यांचं नाव हसन होतं, पण ते इमिग्रेशनवाल्यांशिवाय कोणी उच्चारत नसे. कारखान्यातले बंगाली, मल्याळी, पठाण, सगळे त्यांना नाखवाच म्हणत. मी चिपळूणचा, कॉम्प्रेसर बघायला म्हणून नव्याने आलो, तर पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यासमोर बर्फाचा एक खडा तोडला, कडाकडा चावला आणि म्हणाले, "गोड हाय, पन पोकल हाय. बाला, तुझी मशीन घाई करतेय." मशीन खरंच घाई करत होती की नाही देव जाणे, पण त्या दिवसापासून मी त्यांचा बाला झालो. माझ्या ताटात भात कमी पडला तर त्यांच्या ताटातला यायचा. परदेशात असं माणूस मिळायला नशीब लागतं.

खजुराची गोष्ट त्यांनी मला एका शुक्रवारी जेद्दातल्याच शराफिया भागातल्या हॉटेलात चहा पिताना सांगितली. तरुणपणी ते सौदीला निघाले, दारात टॅक्सी उभी, आणि त्यांची बायको जुबेदा उंबऱ्यात येऊन म्हणाली, "कुठं चाललाव मना टाकून?" विमान चुकेल या भीतीने नाखवा परत आत गेले नाहीत. पाणी प्यायले नाहीत. "दोन वर्सांसाठी आल्तो," ते बशीत चहा ओतत म्हणाले, "आता दाढी पांढरी झाली. सुट्टीवर जातो नि पाव्हन्यासारका परत येतो. त्या दिवशी घोटभर पानी प्यालो असतो, तर येवढं झालं नसतं." त्या एका न प्यायलेल्या पाण्यावर त्यांनी सगळ्या आयुष्याचं खापर फोडलं होतं. मुलं पोटापाण्यासाठी पांगलेली, घरात जुबेदाबाई आणि एक मांजर. त्या वर्षी बाईंनी फोनवर निर्वाणीचं सांगितलं होतं, "ही ईद इकडं नाय केलीत, तर मंग जल्मभर तिकडंच करा."

नाखवांना जायचंच होतं. सोडत नव्हता तो आमचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आम्हा सगळ्यांचे इकामे, राहण्याचे परवाने, तो कारखान्याचा मालक. जाडजूड, प्रेमळ आणि लहान मुलासारखा हट्टी. नाखवांना त्याच्या बापाने कामावर ठेवलं होतं. लहानपणी तो त्यांच्या खांद्यावर बसून बर्फाच्या लाद्या मोजायचा. नाखवा गेले की आपला बर्फ दुसऱ्या दिवशी पाणी होणार, अशी त्याची पक्की समजूत. नाखवांनी कायमचं घरी जायचा विषय काढला की तो त्यांच्या दोन्ही गालांना गाल लावायचा आणि म्हणायचा, "बुक्रा, इन्शाअल्ला." बुक्रा म्हणजे उद्या. तो उद्या उजाडला नाही तरी कफील मात्र दरवेळी तितक्याच मनापासून म्हणायचा.

तेवढ्यात सौदीत आइस हॉकी आली. बाहेर ऊन असं की चप्पल डांबराला चिकटावी, आणि आत मॉलमधल्या बर्फाच्या मैदानांवर व्यावसायिक लीग सुरू होणार. पायाला पात्यांचे बूट बांधायचे, हातात वाकडी काठी घ्यायची आणि रबराची काळी चकती समोरच्याच्या जाळीत ढकलायची. खेळ नवा, नियम त्याहून नवे, बघणारे तर अगदीच नवे. कफीलच्या रियाधमधल्या चुलतभावाने एक टीम काढली आणि फोनवर फुशारकी मारली. झालं! दुसऱ्या दिवशी कफील कारखान्यात आला, लाद्यांच्या ढिगासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "हॉकी बर्फ पे. बर्फ मेरा. नाखवा मेरा. नाखवा कोच. यल्ला."

नाखवांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि आपली अट घातली. कफीलने छातीवर हात ठेवून सगळ्यांसमोर शपथ घेतली, "वल्ला, एक मॅच. बर्फ पे मेरा टीम मेरा आँख के सामने एक मॅच जीतेगा, मैं खुद तुम्हारा फायनल एक्झिट मारेगा." फायनल एक्झिट म्हणजे परत न येण्याचा शिक्का. नाखवांना वाटलं, एक मॅच म्हणजे काय मोठंसं! त्यांनी त्याच दिवशी जुबेदाबाईंना कळवून टाकलं की आता येतोच, मसाला कुटून ठेव.

टीम म्हणजे आम्हीच. कॉम्प्रेसरवाले, वेल्डर, एक मल्याळी इलेक्ट्रिशियन. खरा खेळता येणारा एकटा जोजो नावाचा फिलिपिनो. तो आधी मॉलमध्ये पात्यांचे बूट भाड्याने द्यायचा. त्याच्या इकाम्यावर मात्र व्यवसाय 'मेंढपाळ' असा लागला होता, तो का, हे त्यालाही माहीत नव्हतं. आम्ही प्रोफेशनल झालो म्हणजे एवढंच, की पडायचे तास ओव्हरटाइममध्ये धरू लागले. जर्सी शराफियाच्या एका शिंप्याकडे शिवल्या. कारखान्याच्या पोत्यावर पांढऱ्या अस्वलाचं चित्र होतं, तेच छातीवर काढायला सांगितलं. शिंप्याने जन्मात पांढरं अस्वल पाहिलं नव्हतं, त्याने इमाने-इतबारे मेंढी काढली. आम्ही मैदानात उतरलो की प्रेक्षकांतून बें बें असे आवाज येत, आणि जोजो तेवढा आपल्या व्यवसायाला शोभून दिसे.

नाखवांचं कोचिंग मचव्यावरचं होतं. पुढे खेळणारे ते शीड, मागे खेळणारे ते सुकाणू, आणि मी गोली, तो नांगर. "नांगर हालायचा नाय," असं त्यांनी मला बजावलं. मी हललो नाही. चकती उजवीकडून गेली, डावीकडून गेली, कधी कधी माझ्या दोन पायांमधून गेली. जोजो बिचारा हात जोडून सांगायचा, "कोच, गोली मूव्ह करना मांगता." त्यावर नाखवा म्हणायचे, "अरे, नांगर हालला तर होडीचं काय होईल?" जोजो काठी उचलून परत आपल्या जागी जायचा. समोर कॅनडाचे आणि रशियाचे तगडे गडी. ते येत, गोल करत, जाताना सहानुभूतीने माझ्या पाठीवर थोपटत.

स्वतः नाखवा गमबुटांना गोणपाट बांधून बर्फावर उतरत. आमच्या टीममध्ये कधीही न पडलेला माणूस तो एकच. बर्फ-कारखान्यातले सगळे हमाल तसंच गोणपाट बांधतात, त्यात विशेष काही नाही, पण मॉलमधल्या लोकांना ते मोठं नवल वाटायचं. या खेळात मारामारी व्हायची रीत आहे. अशी मारामारी जुंपली की नाखवा फताड फताड चालत मध्ये जात आणि दोघांच्या तोंडात एकेक खजूर कोंबत. नियमाप्रमाणे कोचने बर्फावर यायचं नसतं, म्हणून एकदा वैतागलेल्या पंचाने त्यांनाच शिक्षेच्या पिंजऱ्यात बसवलं. आत एक धिप्पाड रशियन आधीच बसलेला. थोड्या वेळाने पाहिलं तर तो खजूर चघळत होता आणि नाखवा त्याला मराठीत ईदच्या शिरखुर्म्याची कृती सांगत होते. पुढे त्या रशियनाने माझ्यावर गोल केला की तो आधी नाखवांकडे बघून मान लववायचा.

प्रत्येक मॅचनंतर फोन यायचा. नाखवा तो स्पीकरवर टाकून बाकावर ठेवायचे, कारण हरल्याची बातमी एकट्याने सांगायचा धीर त्यांना होत नसे.

"मंग? यायचं झालं?"

"नाय गो. गोल जास्ती झाले."

"मंग बरंच झालं की. कोनाचे?"

"त्यांचे."

पलीकडून बाईंचा आवाज येई, "मसाला पाखडून परत उन्हात टाकते." आम्ही बूट सोडत खाली बघायचो. आमच्या पडण्यावर एका म्हातारीची ईद अडली आहे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. "बर्फ आपला चांगला हाय," नाखवा फोन बंद करून म्हणायचे. "पोरांनाच जरा वलन नाय." आणि मग कोणाच्या गुडघ्याला काय लागलं ते बघत फिरायचे.

हरत हरत आम्ही शेवटच्या मॅचला आलो. ती संध्याकाळी रियाधला, चुलतभावाच्या टीमशी. कफील दुपारच्या विमानाने जाणार, आम्ही बसने पहाटेच निघालो. नेहमीचा ड्रायव्हर सुट्टीवर गेला होता, त्याच्या जागी खानसाब नावाचे वयस्कर पठाण आलेले. हे खानसाब वर्षानुवर्षं याच फाटकातून, याच वेळेला, जेद्दाच्या उत्तरेला, यान्बूच्या आमच्या बर्फ-डेपोवर हमाल पोचवत होते. त्यांना आमच्या पिशव्या दिसल्या, गमबूट दिसले, गोणपाट दिसलं. ऑफिसला वाटलं, कुठे जायचं ते नाखवा सांगतील. नाखवांना वाटलं, ऑफिसने सांगितलं असेल, आणि शुभ कामाला निघताना तो शब्द तर त्यांच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. खानसाबांनी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात नाखवांनी त्यात खजूर घातला. सगळ्यात मोठा, मदिनेचा.

मला जाग आली तेव्हा ऊन चढलं होतं आणि डाव्या बाजूला निळाशार समुद्र होता. मी डोळे चोळले. रियाध वाळवंटाच्या मधोमध आहे, तिथे समुद्र यायला अजून काही लाख वर्षं तरी आहेत. मी शेजारच्या सीटकडे पाहिलं. नाखवा टक्क जागे होते, वारा हुंगत होते आणि घामाघूम झाले होते.

"नाखवा, समुद्र!"

"बघतोय कवाधरनं."

"मग विचारलं का नाही खानसाबांना?"

"वाटेत इचारायचं नसतं," ते कळवळून म्हणाले. "आजच्या दिशी तर नायच नाय."

यान्बूच्या डेपोच्या फाटकात बस थांबली तेव्हा तिथल्या हमालांनी आमचं जोरदार स्वागत केलं. इतके दिवस कमी माणसांत काम ओढत होते बिचारे. नवे लोडर आले म्हणून त्यांनी चहा टाकला. खानसाबांनी बी थुंकली आणि आनंदाने जाहीर केलं, "पहुँच गए!" रियाध आता दिवसभर बस हाणली तरी वेळेत हाती लागणार नव्हतं. मॅच गेली, सीझन गेला, नाखवांची ईद गेली. जोजो पायरीवर बसून रडायला लागला.

मीच कफीलला फोन केला. पलीकडून बराच वेळ अरबी ऐकू आली, त्यातलं जे कळलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी तो एवढंच म्हणाला, "मैं आता," आणि विमान सोडून मोटारीने यान्बूला निघाला.

नाखवा इतका वेळ डेपोच्या बर्फाच्या कोठीत होते. ती कोठी म्हणजे भलं मोठं थंडगार दालन, त्या दिवशी निम्म्याहून जास्त रिकामं. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या गालात बर्फाचा खडा होता. "गोड हाय," ते म्हणाले, "आनि भरीव हाय. बाला, पानी मार."

आम्ही पाइप लावून जमिनीवर पाणी मारलं, मी मशीन पूर्ण जोरात सोडली, पुन्हा पाणी मारलं. दुपार उलटेपर्यंत जमीन आरशासारखी गोठली. लाद्या रचून कडेची भिंत केली, मासळीची जाळी टांगून दोन गोल केले. समोरची टीम कोण, तर डेपोचे हमाल, हातात लांब दांड्याचे झाडू आणि पायात गमबूट-गोणपाट. आम्हाला वाटलं, ही तरी जिंकू. पण ते लोक उभी हयात बर्फावर चाललेले! आम्ही पात्यांवर धडाधड पडत होतो आणि ते आमच्यावरून ओलांडून निवांत चकती घेऊन जात होते. कफील दारात येऊन उभा राहिला तेव्हा बरोबरी होती. तो ओरडायला आला होता. पण थंडीची वाफ, मेंढ्यांच्या जर्सी आणि झाडू पाहून त्याचं तोंड उघडंच राहिलं, आणि मग कोणीतरी त्याला लादीवर गोणपाट टाकून बसवलं.

शेवटी शेवटी एका हमालाने झाडू फिरवला आणि चकती माझ्या डाव्या बाजूला कोपऱ्यात निघाली. खरं सांगतो, तेवढ्या वेळात माझ्या मनात एकच आलं, की ही गेली तर नाखवा राहतील. मला ते जायला नको होते. त्यांच्यावाचून आमच्या खोलीत जेवायचं कसं, हे मला कळत नव्हतं. आणि त्याच वेळी मला उन्हात टाकलेला मसाला दिसत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा हललो. आडवा झालो, चकती छातीवरच्या मेंढीला लागली आणि परत फिरली. ती जोजोला मिळाली आणि त्याने ती थेट पलीकडच्या जाळ्यात घातली.

"नांगर उचलला रे!" नाखवा दोन्ही हात वर करून ओरडत होते. "बालाने नांगर उचलला!" नांगर उचलला की होडी निघते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं आणि मी तसाच बर्फावर पडून राहिलो.

मग सगळे कफीलकडे बघू लागले. त्याची टीम, बर्फावर, त्याच्या डोळ्यांदेखत जिंकली होती. आपण काय शपथ घेतली होती, हे त्याला आठवत असलेलं स्पष्ट दिसत होतं. समोर हमाल होते, पंच नव्हता, लीगला पत्ता नव्हता. नाही म्हणायला हजार कारणं होती. तेवढ्यात लादीवर ठेवलेला नाखवांचा फोन वाजला. स्पीकर मी चालू केला.

"मंग? यायचं झालं?"

कफीलने मला विचारलं, ती काय म्हणतेय? मी सांगितलं. तो उठला, घसरला, नाखवांनी त्याला लहानपणी धरायचे तसं बखोटीला धरलं. त्याने फोन तोंडाशी नेला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "अम्मा," तो म्हणाला, "नाखवा जीता. खलास. नाखवा घर आता."

पलीकडे बाईंना हिंदी कळलं असावं, कारण बराच वेळ फक्त मांजराचं ओरडणं ऐकू येत होतं.

जेद्दाच्या विमानतळावर कफीलने स्वतःच्या गाडीतून त्यांना पोचवलं. मला खूप काही बोलायचं होतं. नाखवांनी पुडी काढली आणि आमच्या तोंडात खजूर कोंबले, पहिला कफीलच्या, दुसरा माझ्या. ते काचेपलीकडे दिसेनासे झाले तरी आम्ही दोघं मालक-नोकर गाल फुगवून रडत उभे होतो. त्यांच्या पाठोपाठ टीमही बंद झाली. कफीलचं म्हणणं, जिंकून झालं, आता काय राहिलं! बर्फ मात्र पाणी झाला नाही. मी रोज सकाळी एक खडा चावून बघतो.

ईदनंतर महिन्याभराने मी त्यांना फोन केला. दिवसभर करता काय, असं विचारत होतो, तेवढ्यात मागून बाईंचा खणखणीत आवाज आला, "कुठं निघालाव?" तोच शब्द, तोच उंबरा, आणि त्यांच्या घरात खजूर आहे की नाही कोणास ठाऊक. पण नाखवा हसत होते.

"रोजचंच हाय हे," ते म्हणाले. "सकाली चपला घालतो, जेट्टीवर मचवे बघाया निघतो. ही दारातून इचारते, कुठं. मंग आत येतो, पानी पितो, टेकतो. पानी झालं का चाय होते. परत चपला घालतो, परत ही इचारते. मुद्दाम इचारते, मना म्हायती हाय." मग आवाज हळू करून म्हणाले, "महिना झाला बाला, अजून जेट्टी बघितली नाय."